न लिहिलेलं कलम

१४ मार्च १९२७

वकील बार्क्सडेल म्हणाला, "हॅस्केटबाई, आजपासून रोज लिहून ठेवा. कंपनीची माणसं कधी आली, काय बोलली, काय केलं. तारीख टाकून." म्हणून दोन वह्या घेतल्या. एक कोर्टात दाखवायची. तिच्यात फक्त 'आले, गेले'. ही दुसरी माझी स्वतःची, कारण नुसतं 'आले, गेले' लिहून माझा जीव थंड होणार नाही.

तर हे असं आहे. आमच्या एकशेसाठ एकरांच्या पूर्वेच्या कुंपणापलीकडे हब ओगलची जमीन. कुंपणापासून तीस पावलांवर कंपनीनं त्याच्या जमिनीत तेलाच्या दोन विहिरी खणल्या. दोन्ही फळल्या. रात्रंदिवस तेल ओढताहेत. ते तेल काही हब ओगलच्या आजोबानं पुरून ठेवलेलं नाही. निम्म्याहून जास्त आमच्या जमिनीखालून सरकत तिकडे जातंय. तेलाला कुंपण कळत नाही.

आमची जमीनही त्याच कंपनीकडे पट्ट्यावर आहे, आठ वर्षं झाली; तिच्यातून निघेल त्या तेलाचा आठवा हिस्सा आमचा. पार पश्चिमेच्या कोपऱ्यात त्यांनी एक विहीर खणली, ती म्हाताऱ्याच्या नाकासारखी ठिबकते. पण ठिबकते तोवर पट्टा चालू, असं करारात लिहिलंय. म्हणजे आम्ही दुसऱ्या कुणाला बोलवू शकत नाही आणि हे स्वतः पूर्वेला खणत नाहीत. कशाला खणतील? तेल इथून निघो नाहीतर ओगलकडून, त्यांच्याच टाकीत पडतं. वर आमच्या विहिरीचा खर्च वाचतो. हरामखोर.

मी करार घेऊन गेले होते. म्हटलं, "यात कुठंही लिहिलेलं नाही की शेजारी तेल ओढलं तर आमच्याकडे विहीर खणायची. फसलो ना आम्ही?"

बार्क्सडेल चष्मा पुसत म्हणाला, "लिहिलेलं नाही, पण आहे. पट्टा घेणारा तुमच्या विश्वासावर तुमच्या जमिनीत बसलाय. समंजस माणसानं जे केलं असतं ते त्यानं करायलाच हवं. तेल वाहून जात असेल तर कुंपणालगत विहीर खणून ते अडवणं हे त्याचं कर्तव्य. कागदात नसलं तरी कोर्ट ते कलम आहे असंच धरून चालतं."

मला ते इतकं आवडलं! न लिहिलेलं कलम. आयुष्यात पहिल्यांदा कायद्यात काहीतरी शहाणपणाचं ऐकलं.

आज नोटीस गेली. साठ दिवसांत विहीर सुरू करा, नाहीतर पट्टा रद्द करायला कोर्टात जाऊ. तेरा मेला मुदत संपते. बार्क्सडेलनं निघताना बजावलं, "आता दोनच कामं. लिहीत राहा आणि राग आवरा. त्यांना हात लावू नका, वाट अडवू नका. तुम्ही अडवलंत तर तेच म्हणतील की आम्ही खणणार होतो, बाईंनी येऊ दिलं नाही."

घरी येऊन नवऱ्याला, फेरिसला, सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. हातातलं काम सोडून ऐकत होता. मग म्हणाला, "वकील हुशार आहे. तुला तासाभरात ओळखलं."

फेरिसच्या छातीत खाणीतली धूळ आहे. जस्ताच्या खाणीत वीस वर्षं घालवली आणि त्या पैशात ही जमीन घेतली. डॉक्टर म्हणतो, ओक्लाहोमात आणखी एक हिवाळा काढू नका, न्यू मेक्सिकोला जा, कोरड्या हवेत. नुसतं जा म्हणायला काय जातं त्याचं? पूर्वेची एक विहीर आम्हाला तिथं नेऊन पोचवेल, ठेवील, वर डॉक्टरही परवडेल. म्हणून तिकडचा पंप खडखडला की मला तेलाचा आवाज येत नाही, फेरिसच्या छातीतला येतो.

१९ मार्च

कंपनीचा साहेब येऊन गेला. ड्वेन स्ट्रिकलर. इस्त्रीचे कपडे, चकाचक गाडी, आणि हसणं असं की कानाखाली वाजवावीशी वाटते. हातात माझी नोटीस.

"हॅस्केटबाई, करार मी तीनदा वाचला. विहिरीचं कुठं लिहिलंय तेवढं दाखवा, मी स्वतः कुदळ घेऊन येतो."

"लिहिलेलं नाहीये," मी म्हटलं.

"हां, मग मी वेगळा कागद वाचत नव्हतो तर!"

"न लिहिलेलंही असतं, स्ट्रिकलर. तुझ्या आईनं तुला शिंकताना रुमाल धर म्हणून लिहून दिलं होतं का?"

तो हसला. म्हणाला, "जमिनीखाली कुणाचं तेल कुठं जातं ते बघायला कोण गेलंय, बाई? मी नाही, तुम्हीही नाही." आणि फेरिसनं, माझ्या नवऱ्यानं, त्याला कॉफी दिली! वर विचारतो साखर किती. तो गेल्यावर मी कप उकळत्या पाण्यातून काढला.

"पाहुणा होता," फेरिस म्हणाला.

"चोर होता."

"चोरालाही कॉफी लागते गं." हसता हसता खोकला लागला, मग मी पाणी आणून दिलं.

२३ मार्च

हब ओगलची बायको नेटी पेकानचा केक घेऊन आली. नव्या गाडीतून. नव्या टोपीत. म्हणे, "शेजाऱ्यांत कडवटपणा नको." बाई गं, तुझ्या टोपीत माझं तेल आहे! केक कोंबड्यांना घातला. फेरिसनं त्यांच्यापुढून एक तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाला फार छान झालाय.

२ एप्रिल

आज डोकं सणकलं ते अजून उतरत नाही.

सडकेवरून आमच्या कुरणात येणाऱ्या रस्त्याला फाटक आहे, घरापासून अर्धा मैल. कंपनीची माणसं पश्चिमेच्या विहिरीकडे तिथूनच जातात. या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. चर्चला न जाणारेसुद्धा हे पाळतात. लोंझो टीग हा कंपनीचा पंपवाला आठ वर्षं रोज सकाळी दहाला येतो. पाऊस असो, बर्फ असो, उतरून फाटक लावल्याशिवाय तो कधी पुढे गेलेला नाही.

आता नोटिशीनंतर स्ट्रिकलर रोज सकाळी सातलाच येतोय, म्हणे विहिरीची पाहणी. आणि आज फाटक सताड उघडं टाकून गेला. सातच्या सात गाई सडकेवर! मी स्वयंपाकाच्या एप्रनवर धावत गेले. परत येताना त्याची गाडी समोरून आली. रस्त्यात उभी राहिले आणि त्याला असा झापला, असा झापला की सांगता सोय नाही. कोणत्या गोठ्यात वाढलास विचारलं. नुसता हसत होता. टोपी काढून म्हणाला, "विसरलो, बाई." साहेब म्हणे!

६ एप्रिल

माझ्या तोंडाचा उपयोग झालेला दिसतोय. परवापासून बघते, फाटक बंद असतं. नीट कडी लावलेली. झापल्याशिवाय काही लोकांना अक्कल येत नाही. फेरिसला हे सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या तोंडाला कोण पुरं पडणार?"

११ एप्रिल

फेरिसनं नवीन खूळ काढलंय. रोज सकाळी फिरायला जातो. न्याहारीच्या ऐन वेळी. भट्टीतून काढलेली बिस्किटं गार होतात, ग्रेव्हीवर साय धरते, आणि हा कधी तासाभरानं, कधी दहा वाजून गेल्यावर येतो. तोंड राखेसारखं, बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. खुर्चीत बसला की पंधरा मिनिटं बोलता येत नाही.

"डॉक्टर म्हणाला मोकळी हवा चांगली," म्हणतो.

"मोकळी हवा अंगणातही आहे. फुकट आहे. तिथं फिर."

"अंगणात कोंबड्या बघतात."

माणसाला खोकल्यानं उभं राहवत नाही आणि थट्टा सुचते. कोर्टाच्या वहीत लिहिलं, 'स्ट्रिकलर सात वाजता आला, साडेसातला गेला.' खणण्याचं नाव नाही. अठ्ठावीस दिवस संपले.

२० एप्रिल

ओगलकडे तिसऱ्या विहिरीचा मनोरा उभा राहिला. हीही कुंपणालगत. एवढं रान पडलंय त्यांचं पलीकडे, तिकडे एक खड्डा नाही! कुंपणाला चिकटून तीनही. आणि स्ट्रिकलर म्हणतो कुणाचं तेल कुठं जातं कोण बघायला गेलंय.

दुपारी टीग विहिरीकडून परतताना पाणी प्यायला थांबला. हा माणूस कंपनीचं मीठ खातो म्हणून मी त्याच्याशी तुटकच बोलते, पण त्याला ताक दिलं. ओसरीवर टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"बाई, तुमचा नवरा फार चांगला माणूस आहे."

"चांगुलपणानं विहिरी खणल्या जात नाहीत, लोंझो."

त्याला आणखी काही बोलायचं असावं. पण टोपी घातली आणि गेला. कंपनीच्या माणसांचं हे असंच, अर्धं पोटात ठेवायची सवय.

२९ एप्रिल

आज फेरिसशी भांडले. लिहायला लाज वाटते, पण ही वही कुणी वाचणार नाही.

पुन्हा उशिरा आला. दाराच्या चौकटीला धरून उभा. मी आधीच तापले होते, पहाटेपासून पलीकडचे दोन्ही पंप आणि तिसरीचं खणणं ऐकत होते. म्हटलं, "मी वकिलाकडे जायचं, मी वह्या लिहायच्या, मी त्या हलकटाशी तोंड लावायचं, आणि तू मजेत फिरायला जायचं! कुणासाठी चाललंय हे सगळं? माझ्या छातीत आहे का धूळ?"

बूट काढायला वाकला आणि त्याला ते काढता येईनात. मी काढले. तेही आपटूनच.

मग म्हणाला, "चौदा दिवस राहिले, लिओटा. एवढे काढ." एवढे काढ म्हणे! मी काढतेच आहे. काढायला सांगतोय कुणाला?

३ मे

फेरिसला ताप. रात्रभर घाम. सकाळी सातच्या सुमारास बघते तर पलंगाच्या कडेला बसून बूट घालतोय! बुटाची नाडी ओवता येत नव्हती.

"कुठं?"

"जरा फिरून येतो."

माझा संताप झाला. बूट हिसकावून घेतले आणि पिठाच्या पिंपामागे लपवून ठेवले. माणसाच्या हट्टाला काही सीमा?

"मग तू तरी फाटकापर्यंत जाऊन ये," म्हणाला. "एकदा बघून ये गं."

"फाटक काय पळून जातंय? पडून राहा गुपचूप."

त्यानं आणखी दोनदा म्हटलं. तापात माणूस एकच गोष्ट धरून बसतो. मी लापशी केली, कपाळावर फडकं ठेवलं, घरातून हलले नाही.

४ मे

पर्ल मेली.

काल फाटक उघडंच राहिलं होतं. दिवसभर! सकाळी धार काढायला गेले तर सहाच गाई. शोधत सडकेवरून ओगलच्या हद्दीत गेले. त्यांच्या विहिरींतून तेलाबरोबर खारं पाणी येतं, ते एका खड्ड्यात सोडलंय, त्याला ना कुंपण ना काही. पर्ल खड्ड्याशी पडली होती. तोंडाला काळं तेल. मिठाच्या लोभानं प्यायली असणार. पोट फुगलेलं. तिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवली होती.

तो मेला स्ट्रिकलर विसरला नव्हता. महिनाभर बरोबर आठवतं आणि घरात माणूस आजारी पडल्या दिवशीच विसरतो? मुद्दाम केलंय त्यानं. नोटिशीचा सूड.

रडले नाही. दुपारी गोठ्यातली लाकडं ओढायची साखळी घेतली, फाटकाला तीन वेढे दिले आणि कुलूप घातलं. इथं कुणीही हेच करतं. कुणी दोनदा फाटक उघडं टाकलं की साखळी लागते, ज्याला यायचं तो घराशी येऊन किल्ली मागतो, आणि मागताना मान खाली घालतो. स्ट्रिकलरलाही मान खाली घालू दे. एकदाच, मला बघू दे.

फेरिसला पर्लचं सांगितलं. साखळीचं नाही सांगितलं. ताप आहे अजून.

५ मे

सकाळी सातला स्ट्रिकलरची गाडी फाटकापर्यंत येऊन परत गेली. नऊला मोटारीचे आवाज. एक नाही, चार. खिडकीतून धुरळा दिसला, झाडू हातात होता तशीच गेले. फाटकापलीकडे दोन मालमोटारी, मनोऱ्याच्या लाकडांनी भरलेल्या. पुढे स्ट्रिकलर. त्याच्याबरोबर काळ्या कोटातला नोटरी आणि तिकाटण्यावर कॅमेरा घेऊन एक माणूस. कॅमेरा कशाला ते मला तेव्हा सुचलं नाही. झाडू हातात होता तशीच गेले.

"सुप्रभात, हॅस्केटबाई!" मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या नोटिशीप्रमाणे पूर्वेची विहीर सुरू करायला आलोय. कृपया फाटक उघडा."

दोन महिने ज्याची वाट बघितली ते दारात उभं होतं. मी उघडायला हवं होतं. किल्ली एप्रनच्या खिशात होती. हात खिशात घातलाही होता. तेवढ्यात तो त्याच हसण्यानं म्हणाला, "गाईचं कळलं. वाईट झालं. कुणीतरी फाटक उघडं ठेवलेलं दिसतंय."

आणि माझा तोल गेला.

"आधी माझ्या गाईची माफी माग," मी ओरडले. "टोपी काढून! मग उघडते!"

"म्हणजे तुम्ही उघडत नाही?"

"माफी मागितल्याशिवाय बापजन्मात नाही!"

नोटरी लिहीत होता. कॅमेरेवाल्यानं डोक्यावर काळं फडकं घेतलं. साखळी, कुलूप आणि मागे झाडू उगारलेली मी. स्ट्रिकलरनं घड्याळ बघितलं, टोपीला हात लावला, आणि चारही गाड्या वळल्या. मी कुलूप काढून फाटक उघडेपर्यंत त्या ओगलच्या वळणापाशी पोचल्या होत्या. मागून हाका मारल्या. एप्रन हलवला. कुणी थांबलं नाही.

६ मे

बार्क्सडेलनं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, मी काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "पण ते खणायला आलेच नव्हते! आले असते तर थांबले असते!"

"मला माहीत आहे. ते फोटो काढायला आले होते. आणि तुम्ही काढू दिलात."

त्याचं म्हणणं, न लिहिलेलं कलम उभं आहे, पण ज्यानं स्वतः दार लावलं त्याला समोरचा आत आला नाही म्हणून तक्रार करता येत नाही. तरीही दावा लढवू. पत्र पाठवलंय की फाटक उघडं आहे, केव्हाही या. येणार नाहीत. आता कशाला येतील?

फेरिसला शेवटी सांगावं लागलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "नऊच दिवस राहिले होते गं."

एवढंच. मलाही मोजता येतं. नऊ दिवसांनी असं काय होणार होतं की हा असा मोडून पडला, ते मला कळत नाही. साखळी मी लावली, पाप माझं. याला काय?

१७ जुलै

ऊन. कुणी येत नाही. फाटक दिवसभर उघडं ठेवलंय आणि गाई गोठ्यात बांधल्यात. ओगलकडे चौथी विहीर. फेरिस आता ओसरीच्या पुढे जात नाही. फिरायला जातो म्हणायचं त्यानं साखळीच्या दिवसापासूनच सोडलंय. डॉक्टर म्हणाला, वसंतात यानं नक्की काय केलं? इतक्या लवकर इतकं खालावायला नको होतं. मी म्हटलं फिरत होता, तुम्हीच सांगितलं होतंत. डॉक्टर म्हणाला, "मी? मी तर जिना चढायलाही बंदी केली होती."

फेरिसला विचारलं. म्हणाला डॉक्टर म्हातारा झालाय, विसरतो.

१९ सप्टेंबर

आज कोर्ट होतं. फेरिस येण्यासारखा नाही, नेटी ओगल त्याच्याजवळ बसली. हो, नेटीच. दुसरं कोण होतं?

फोटो भिंतीएवढा मोठा करून आणला होता त्यांनी. झाडू, साखळी, माझं तोंड वासलेलं. लोक हसले. मी मान वर ठेवली.

मग बार्क्सडेलनं लोंझो टीगला उभं केलं. मला वाटलं हा मालकाचंच बोलणार. टोपी हातात फिरवत उभा राहिला, तसाच.

"पाच मेच्या त्या मालमोटारींत काय होतं?"

"जुनी लाकडं. किडलेली. मीच भरली. दुपारी परत यार्डात उतरवली."

"यंत्र? बॉयलर? खणणारी माणसं?"

"काही नव्हतं साहेब."

स्ट्रिकलर पहिल्यांदाच हसत नव्हता. बार्क्सडेलनं विचारलं, "एप्रिलमध्ये फाटक कोण उघडं टाकायचं?"

"स्ट्रिकलरसाहेब. रोज. आम्हालाही सांगितलं होतं की लावायचं नाही. म्हणाले, बाई तापट आहेत, एक दिवस कुलूप घालतील, मग काम झालं."

मी उठूनच उभी राहिले. न्यायाधीशांनी बसायला लावलं. माझ्या डोक्यात एकच, की हा खोटं कशाला बोलतोय? रोज कसं उघडं असेल? मी बघत होते ना. बंद असायचं. बार्क्सडेललाही ते खटकलं असावं. म्हणाला, "पण बाई तर म्हणतात की महिनाभर फाटक बंद होतं."

टीगनं माझ्याकडे बघितलं. मग खाली.

"मिस्टर हॅस्केट लावायचे ते. रोज सकाळी साहेबांची गाडी आत गेली की चालत यायचे, लावायचे, परत जायचे. साहेब बाहेर पडताना पुन्हा उघडं टाकायचे. म्हणून झुडपामागे बसून राहायचे, गाडी गेली की पुन्हा लावायचे. मला बंद सापडायचं, म्हणून मीही लावूनच जायचो; तीन मेला उघडं सापडलं, हुकूम होता म्हणून तसंच ठेवलं. दहाला मी येताना कधी कधी वाटेत भेटायचे. बसलेले असायचे, दम लागलेला. मी म्हटलं, गाडीत बसा, घरी सोडतो. तर म्हणाले, नको, बायकोनं बघितलं तर विचारील. म्हणाले, लोंझो, तिला फाटक उघडं दिसता कामा नये, तेरा मेपर्यंत. तिला सांगू नकोस. म्हणून सांगितलं नाही, बाई. शब्द दिला होता."

तीन मेला मी त्याचे बूट लपवले होते.

पुढचं मी नीट ऐकलं नाही. न्यायाधीश म्हणाले की कंपनीचं वागणं सभ्य माणसाला शोभणारं नाही, कर्तव्य आहे हेही मान्य, पण फाटक लावलेलं होतं, उघडा म्हटल्यावर बाईंनी नकार दिला, आणि वाट अडवणाऱ्याला पट्टा रद्द करून मागता येत नाही. हवं तर नव्यानं नोटीस द्या, नव्यानं साठ दिवस मोजा.

बाहेर टीग पायरीवर बसला होता. नोकरी गेली हे त्यालाही कळलं होतं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, "मला एक शब्द बोलायचा होतास रे." तो म्हणाला, "रोज वाटायचं, बाई."

घरी आल्यावर फेरिस झोपला होता. नेटीला कॉफी दिली. आज मला जगातल्या कुणाचा राग येत नाही, एका बाईचा सोडून.

२१ सप्टेंबर

बार्क्सडेल म्हणतो अपील करू, टीगच्या साक्षीवर वरचं कोर्ट ऐकेल. किती दिवस? दोन वर्षं. नवी नोटीस? साठ दिवस, मग पुन्हा हेच कोर्ट. तोवर हिवाळा. आणि टीग सांगत होता, ओगलच्या पहिल्या विहिरीतून आता तेलापेक्षा खारं पाणीच जास्त येतंय. म्हणजे खाली फार उरलेलं नाही, त्यांचंही आणि आमचंही.

कंपनीचं पत्र काल आलं. एक रक्कम देतात, एकदाच. गाडीभाडं, न्यू मेक्सिकोत वर्षभर खोली, डॉक्टर, बस एवढी. बदल्यात एका कागदावर सही. त्यात लिहिलंय की या करारात शब्दांत जे लिहिलंय तेवढंच कंपनीवर बंधनकारक, न लिहिलेलं कोणतंही कर्तव्य यात आहे असं कुणीही, कधीही समजू नये. बार्क्सडेल म्हणाला, "सही करू नका. हे तुमच्याकडे उरलेलं एकमेव हत्यार आहे." मी म्हटलं, "ते माझ्याकडे मार्चमध्येही होतं. मी त्याचं काय केलं बघितलंत ना?"

आज त्यांच्या कचेरीत गेले. जमिनीच्या कागदांत पहिल्यापासून माझंच नाव आहे, फेरिसनंच तसं केलं होतं, म्हणून त्याची सही लागली नाही. स्ट्रिकलरनं खुर्ची पुढे केली. शाईचं पेन टोपण काढून हातात दिलं. म्हणाला, "शेवटी समजूतदारपणा आला, बाई. पर्ल ना नाव तिचं? चांगली गाय होती म्हणे."

मी सही केली. टीपकागदानं शाई टिपली. पैसे पिशवीत घातले. त्याच्या तोंडाकडे पूर्ण एक मिनिटभर बघितलं. आणि काही न बोलता बाहेर आले. मोटारीत बसल्यावर दात इतके आवळले गेले होते की उघडेनात.

२२ सप्टेंबर

सामान बांधून झालं. गाई ओगलांनी घेतल्या. हब भाव करायला लागला तर नेटीनं त्याला गप्प केलं.

संध्याकाळी फेरिसला उशीला टेकवून बसवलं. कोर्टाचं अजून काही सांगितलं नव्हतं, तापात होता. आज डोळे स्वच्छ होते. बांधलेल्या ट्रंका बघून म्हणाला, "म्हणजे? काय झालं?"

"जिंकलो," मी म्हटलं.

"खरंच?"

"पूर्वेची विहीर खणायला लागलेत. आधी पैसे दिलेत. न्यायाधीशांनी त्या स्ट्रिकलरला सगळ्यांसमोर धुतला."

त्यानं डोळे मिटले आणि इतका सावकाश श्वास सोडला की मी घाबरून त्याचा हात धरला. मग विचारलं, "आणि टीगला बोलावलं होतं का साक्षीला?"

"होतं. विहिरीचं बोलला. दुसरं काही नाही."

"चांगला माणूस आहे," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू? तो स्ट्रिकलर समोर आला असेल की. काय काय बोललीस त्याला?"

"एक शब्द नाही."

फेरिसनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. किती महिन्यांनी. "बाकीचं सगळं खरं मानतो, लिओटा," म्हणाला, "पण हे मात्र खोटं."

"बरं बाबा, दोन-चार शब्द बोलले."

"तरीच," तो म्हणाला आणि समाधानानं उशीवर टेकला. मी दिवा बारीक केला. आगगाडी सकाळी सात-दहाची आहे.